मुळातच दांडग्या

"आत्याबाई, हे काय करून ठेवलंत?"

शेडच्या पहिल्या दोन खणांतली भांडी काठोकाठ भरली होती, आणि कोंबड्या ढेकर दिल्यासारख्या निवांत बसल्या होत्या. सासूबाई रिकामी घागर कडेवर घेऊन उभ्या.

"काय म्हणजे? पाणी पाजलं. उजाडल्यापासून कोकलत होत्या बिचाऱ्या. मुक्या जिवांना तहानेनं तळमळत ठेवतेस, कुठं फेडशील हे पाप?"

सून कपाळाला हात लावून खालीच बसली. शेजारच्या वस्तीत मानमोडी शिरली होती, माना मुरडून कोंबड्या पटापट मरत होत्या. म्हणून काल ती दोन बस बदलून जनावरांच्या डॉक्टरांकडून लस घेऊन आली होती, बर्फाचा डबा मांडीवर धरून. कोंबड्या दोन तास तहानलेल्या ठेवायच्या, मग लशीचं पाणी मांडायचं, म्हणजे सगळ्या तुटून पडतात. हे तिनं काल तीनदा सांगितलं, सासूबाईंनी तीनदा मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी!

"मग पाज की आता तुझं औषध."

"आता पितायत होय त्या? आणि औषध नाही हो ते! त्यात रोगाचाच अर्धमेला जंतू असतो. कोंबडीचं अंग त्याच्याशी झुंजतं, डाव शिकतं. उद्या खरा रोग आला की तोच डाव टाकून त्याला लोळवतं."

"अगं बाई! रोग आणलास? आपल्या हातानं?" सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

दगडावर डोकं आपटलं असतं तर दगड निदान उलटून बोलला नसता.

त्या दोन खणांत एकीनंही धड चोच बुडवली नाही. लस आधीच पाण्यात कालवून झाली होती, आणि कालवलेली लस दोन तासांपलीकडं टिकत नाही; ती ओतून द्यावी लागली. फक्त तिसऱ्या खणातल्या चाळीस जणी घटाघटा प्यायल्या. त्या महाभांडकुदळ, सासूबाईंच्या पोटऱ्या फोडायच्या, म्हणून तिथवर दया पोचलीच नव्हती.

डॉक्टरांकडे पुन्हा लस यायला दहा दिवस गेले. ती पाजली, आणि पाचव्याच दिवशी पहिल्या खणात एक कोंबडी मान वाकडी करून पडली.

"अंगाला शिकायला दोन आठवडे तरी लागतात," डॉक्टर म्हणाले. "रोग काही तोवर थांबत नाही."

दोन्ही खण आठवड्यात ओस पडले. सुनेनं खड्डा खणला, चुना टाकला, एकेक कोंबडी पुरली आणि रडत रडत सगळ्या जगाला शिव्या घातल्या. तिसऱ्या खणात मात्र चाळीसच्या चाळीस जणी दाण्यावरून मारामारी करत होत्या.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "मी सांगते ना, या मुळातच दांडग्या. तुझ्या औषधानं काय होतंय?"

सुनेनं हातातलं फावडं भिंतीला टेकवलं.

"खरं आहे, आत्याबाई. पुढच्या महिन्यात नवी पिल्लं आणतेय. तेव्हा तुम्ही आठवडाभर लेकीकडं राहून या."

"का गं?"

"त्यांनाही मुळातच दांडगं करायचंय."