शंभर मिनिटांचा तास

देवसिंग मॅट्रिकला तिसऱ्यांदा नापास झाला. ही गोष्ट वाचकांनी लगेच विसरावी. देवसिंग ती विसरला आहे. तर, देवसिंग यंदा पास होणार होता.

व्हायलाच हवं होतं. बाप डोंगरसिंगने सांगून टाकलं होतं, "यंदा गेला तर पुस्तकं चुलीत अन् तू वखरामागं." ढाणकीजवळच्या त्या तांड्यात गुरुजी व्हायची स्वप्नं बघणारा देवसिंग एकटाच, आणि वखर दिसला की अंग चोरणाराही एकटाच.

सत्तावन्न सालच्या एप्रिलात नवे पैसे आले. रुपया तोच, पण चौसष्ट पैशांचे शंभर झाले. अख्खा बाजार डोकं खाजवत बसला. देवसिंगच्या डोक्यात मात्र उजेड पडला. सरकार रुपयाचे शंभर करतं, तर तासाने काय घोडं मारलंय? त्याने अभ्यासाचं वेळापत्रक आखलं. तास शंभर मिनिटांचा. बाकीची पोरं तासाला साठ मिनिटं वाचतात, आपणही साठच वाचायची आणि वरची चाळीस पडून राहायचं. यातलं पडून राहणं त्याने एकदाही चुकवलं नाही.

"काय करून राह्यला रे?" बापाने खाटेशी येऊन विचारलं.

"टाइम वाचवून राह्यलो, बा."

"किती वाचला मंग?"

"चोवीस तासांची चाळीस-चाळीस मिनिटं. म्हंजे दिवसाले नऊ तास, साठ मिनिटं."

"त्यातले दोन तास दे. कापूस वेचाचा हाये."

"ते मार्चसाठी ठेवले हायेत."

"घड्याळाले सांगतलं का तुनं?" त्याच्या आईने, याडी लालीबाईने, चुलीजवळूनच विचारलं.

देवसिंगला अडाणी माणसांची कीव आली.

मार्चात उमरखेडच्या केंद्रावर गणिताचा पेपर. दहा प्रश्न, तीन तास. तीन तास म्हणजे तीनशे मिनिटं, प्रश्नाला तीस. अवघड प्रश्न आधी, सोपे शेवटी ऐसपैस. भिंतीवरच्या घड्याळात तीस मिनिटं झाली की तो पान उलटायचा, गणित सुटो न सुटो. अशी सहा गणितं मोठ्या शिस्तीत अर्धवट झाली आणि घंटा वाजली.

पर्यवेक्षकाने उत्तरपत्रिका ओढली. देवसिंगने धरून ठेवली.

"माझी एकशेवीस मिनिटं शिल्लक आहेत, सर."

"कुठं?"

देवसिंगने भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे. पर्यवेक्षक सज्जन, त्यांनीही छताकडे पाहिलं. तेवढ्यात उत्तरपत्रिका सुटली.

जूनच्या निकालात काय झालं ते आपण विसरलोच आहोत. बाप विसरला नव्हता. तो बैल जुंपून दारात उभा राहिला.

"पाच मिनिटं थांब, बा."

"नवी का जुनी?"

देवसिंगने कागद काढला आणि लिहिलं:

मा. सचिव, परीक्षा मंडळ, नागपूर यांसी. सविनय अर्ज की, अर्जदाराची एकशेवीस मिनिटे उमरखेड केंद्रावर शिल्लक राहिली आहेत. तरी ती त्याच बाकावर, त्याच प्रश्नपत्रिकेसह, मंडळाच्या सोयीने परत देण्यात यावीत. तोपर्यंत अर्जदारास वखरास लावू नये, असा लेखी हुकूम वडील श्री. डोंगरसिंग यांचे नावे काढून त्याची एक प्रत माहितीसाठी बैलांकडे पाठविण्यात यावी, ही विनंती.