शिवकन्याची पाटी

जरा डोळे मिटा बरं. मिरचीचा खकाणा नाकात शिरलाय असं समजा. शिंक आली? मग तुम्ही नांदूरघाटला, ईश्वरीच्या दारात येऊन पोचलात.

ईश्वरीची आई, शिवकन्याबाई, घरच्या यंत्रावर मसाला कांडून देते. दारावर पाटी नव्हती. "रुद्रप्पाच्या सुनेकडं जा," असं एकमेकांना सांगून लोक मिरच्या घेऊन येत. शेवटी रुद्रप्पाआजोबाच म्हणाले, "पाटी लावा, अन् नाव सुनेचंच टाका." आईचं नाव पहिल्यांदाच मोठ्या अक्षरांत झळकणार होतं. तेव्हापासून आई उगाचच पदर सारखा करत होती.

पाटीचं चित्र करायला लिंबागणेशहून रविमामा लॅपटॉप घेऊन आला. संध्याकाळी ते छापायला केजला पाठवायचं होतं. मामानं एक विकतचं सॉफ्टवेअर वापरून बघायला घेतलं होतं. पसंत पडलं की पैसे भरायचे. ईश्वरी शाळेत शिकली ते फुकटचं होतं. तेही तिनं मामाच्या लॅपटॉपवर घेतलं, आणि एक मिरची काढून दाखवली.

मामा हसत सुटला. "मिरची हाय का वांगं? फुकटचं ते फुकटचंच, भाचीबाई! ही बघ विकतची."

खरंच, मामाची मिरची लई देखणी होती. देठावर दव चमकत होतं. खाली नाव, सोनेरी अक्षरांत.

आईनं वाकून नाव वाचलं. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "चांगलं हाय. लई राबला माझा भाऊ."

ईश्वरीनं आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"मामा, नाव वाचा की."

"शिवकन्या. त्यात काय?"

"मनातलं न्हाई. लिवलंय तसं वाचा. एकेक अक्षर."

मामानं बोट ठेवलं. "श... वि... क..." त्याचं बोट तिथंच अडलं. पहिली वेलांटी 'श' सोडून 'व'वर जाऊन बसली होती. 'शिव'चं 'शवि' झालं होतं. आपल्याला पाठ असलेलं नाव डोळे नीट वाचतच नाहीत, मुलांनो. मोठ्यांचंही असंच होतं.

"अक्का, तू बोलली कावून न्हाई?"

"तू एवढ्या मायेनं केलंस. लोक घेतील की समजून."

"समजून कशाला? माझ्या अक्काचं नाव हाय ते!" मामानं बटणं उलटीपालटी दाबून पाहिली. वेलांटी हलेना.

मग ईश्वरीनं आपलं सॉफ्टवेअर उघडून नुसतं 'शि' लिहिलं. वेलांटी 'श'ला बिलगून उभी राहिली.

"महागाचं चित्र काढतंय, पर अक्का, तुझं नाव ह्यालाच येतंय," मामा हळूच म्हणाला. "ईश्वरी, मिरची तुझ्याकडं देतो. नाव तू लिव्ह."

मिरची ईश्वरीच्या सॉफ्टवेअरमध्ये आली. ईश्वरीनं लिहिलेलं 'शि' पुसून टाकलं, खुर्चीवरून उठली आणि आईला तिथं बसवलं.

"अगं, माझे हात तिखटाचे हायत," आई म्हणाली.

ईश्वरीनं तिचं लाल झालेलं बोट आपल्या फ्रॉकला पुसलं आणि अलगद 'श'च्या बटणावर नेऊन ठेवलं.