पडद्यावरच्या झाडाला पाणी

ठिणगीने बालवाडीतल्या पडद्यावर पाणी फेकलं, तेव्हा तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला बस वळवत होती. डेपोत गाडी लावून ती उतरली आणि फोन वाजला. पलीकडे वर्गाच्या ताई होत्या. आवाज दबका, जणू कपाटात शिरून बोलताहेत.

"तुम्ही लगेच येऊ शकाल का?"

"काय झालं? लागलं का तिला?"

"तिला काही नाही झालं हो. पडद्याला झालं."

पडदा म्हणजे बालवाडीच्या दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर दिसणारा तो भलामोठा टीव्ही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, तो वर्षाच्या मध्यावर लावून घेतला होता. त्याआधी नुसतं पालकांच्या फोनवरचं, मुलांच्या चांगल्या सवयींची नोंद ठेवणारं बालवाडीचं ॲप होतं, आणि ॲपबद्दल ठिणगीच्या आईची अजिबात तक्रार नव्हती. उलट ते आल्यापासून घरातली सकाळची लढाई संपली होती.

तिची ड्यूटी पहाटेची. मुलगी उठायच्या आत ती घराबाहेर पडलेली असायची. मग चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तिचा नवरा हातात ब्रश घेऊन पलंगाभोवती, टेबलाखाली, दाराआड चार वर्षांच्या पोरीच्या मागे धावत असायचा. ॲपमध्ये आईबाबांनी आपला आवाज भरून ठेवायची सोय होती. एका रविवारी तिने फोन तोंडाशी धरला आणि जे रोज तोंडात बसलेलं तेच बोलली: "चला, आत सरका, दारात उभं राहू नका. गाडी सुटतेय. पहिला थांबा, खालच्या दाढा. घासा, घासा, घाई नको. पुढचा थांबा, वरच्या दाढा. कोपऱ्यातल्या आजी राहिल्या, त्यांना घ्या. आता समोरचे दात. शेवटचा थांबा, सगळ्यांनी थुंका!"

दुसऱ्या दिवसापासून ठिणगी आरशासमोर उभी राहून आईच्या आवाजावर दात घासू लागली. थांबा आला की बाबालाही थांबायला लावायची. घासून झालं की फोनवर खूण करायची, फळ खाल्लं, भाजी खाल्ली, वेळेवर झोपली की त्याची खूण आई आपल्या फोनवरून करायची, आणि खुणा वाढतील तसं ॲपमधलं एक छोटं झाड वाढायचं. सगळं ठीक होतं.

मग मोठ्या बाईंना वाटलं, ही झाडं सगळ्यांना दिसली तर पालक आणखी मनावर घेतील. पडदा आला. त्यावर प्रत्येक मुलाचं झाड आणि बुंध्याशी त्याचा फोटो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं. सकाळी आया मुलांना आत सोडायच्या आधी मान वर करून झाडं बघायच्या आणि मग एकमेकींकडे.

त्या भिंतीवर एक झाड सुकत चाललं होतं. ते होतं कापसाचं.

कापूस हे त्या मुलाचं घरचं नाव. आवाज इतका मऊ की कान जवळ न्यावा लागे. त्याचा बाप रंगारी, घरांच्या भिंती रंगवायचा, आणि पोराला एकटाच वाढवत होता. कापसाला खाण्याची फार मोठी अडचण होती. पांढरं आणि मऊ असेल तेवढंच त्याच्या घशाखाली उतरे. बाकी काहीही जिभेला लागलं की उलटी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे हट्टीपण नाही, वेळ लागेल, जबरदस्ती करू नका. रंगारी जबरदस्ती करत नव्हता आणि ॲपमध्ये खोटी खूणही करत नव्हता. त्यामुळे पडद्यावरच्या कापसाच्या झाडाची पानं आधी पिवळी पडली, मग गळली, आणि शेवटी एक काळी काडी उरली. मुलं ती मुलंच. "सुकं झाड, सुकं झाड" सुरू झालं. डब्याच्या वेळी त्याच्या शेजारी बसलं की आपलंही झाड सुकतं, असं कोणीतरी पसरवलं.

ठिणगी शेजारी बसायची. कोणी काही नको म्हटलं की तेच करायचं, हा तिचा जन्मजात स्वभाव.

मोठ्या बाईंच्या खोलीत पोचल्यावर आईने आधी मुलीकडे पाहिलं. ठिणगी खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला पोचत नव्हते, फ्रॉक पुढून ओला.

"का टाकलंस गं पाणी?"

"कापसाचं झाड मेलं होतं ना. पाणी वर जात नव्हतं, म्हणून जोरात टाकलं."

ताईंनी तोंडावर हात धरला आणि खिडकीकडे वळल्या. आईला मात्र हसू आलं नाही. दोनच दिवसांपूर्वी संध्याकाळी ती बुटाची नाडी बांधत असताना पोरीने विचारलं होतं, "आई, झाड सुकलं तर काय करायचं?" आणि तिने मान वर न करता उत्तर दिलं होतं, "पाणी घालायचं, आणखी काय!"

"पडदा बंद पडलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या. "उद्या सकाळी सगळी मुलं जमतात, तेव्हा तिने सगळ्यांसमोर माफी मागायची. म्हणजे बाकीच्यांनाही समजेल."

"दुरुस्तीचं मी बघते. माफी ती मागणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही मागणार. सुकलेल्या झाडाला पाणी घालायचं, हे मीच तिला सांगितलंय. ते चुकीचं होतं असं आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दातांच्या डॉक्टर आल्या होत्या, तेव्हा तुम्ही इथे नव्हता. मी होते. एवढीएवढी पोरं, तोंड उघडलं की काळे दात. एकाला चावताच येत नव्हतं, आणि घरी कोणाला पत्ता नाही! म्हणून हे सगळं सुरू केलं. मला काय हौस आहे?"

"ॲप चांगलंच आहे, बाई. माझ्या घरी तर देवासारखं धावून आलं. मी भिंतीबद्दल बोलतेय. त्या कापसाला रोज सकाळी दारातच मेलेलं झाड दाखवायचं, ही कुठली चांगली सवय?"

"एका मुलासाठी सगळ्यांचं नुकसान करता येत नाही."

"एका मुलाचं करून सगळ्यांचं भलंही होत नाही," ती म्हणाली आणि ओल्या फ्रॉकसकट पोरीला उचलून बाहेर पडली.

संध्याकाळी नवऱ्याने समजूत घालून पाहिली. भांडणतंट्याला तो जरा भ्यायचाच. "अगं, सॉरी म्हणायला काय जातं? एक शब्द तर आहे. उगाच त्या बाई पोरीला पाण्यात पाहतील."

"आपलं काही जात नाही. तिचं जातं."

"चार वर्षांची आहे ती. दोन दिवसांत विसरेल."

"विसरेल ना. मित्रासाठी काही करायचं असतं, हेच विसरेल."

तो उठला आणि त्याने फ्रॉक इस्त्री केला. तेवढ्यावरून ती समजली की तो आपल्या बाजूला आला आहे.

दुसऱ्या दिवशी तिने ड्यूटी बदलून घेतली आणि स्वतः पोरीला सोडायला गेली. भिंतीवरचा पडदा काळा होता. मुलं सतरंजीवर बसली होती, कापूस शेवटच्या रांगेत. मोठ्या बाईंनी ठिणगीला पुढे बोलावलं आणि आवाज होता तेवढा गोड करून म्हणाल्या, "काल काय झालं, आठवतंय ना? मग आता काय म्हणायचं?"

ठिणगीने आईकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "तुला वाटेल ते म्हण," ती म्हणाली.

ठिणगीने क्षणभर विचार केला. "पुन्हा सुकलं तर पुन्हा घालीन," ती ठणकावून म्हणाली आणि जाऊन कापसाशेजारी बसली.

शनिवारी पालकसभा भरली. पडदा दुरुस्त होऊन भिंतीवर परतला होता, झाडांसकट. पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मोठ्या बाईंनी झाला प्रकार सांगितला आणि घरी मुलांना वस्तूंची किंमत शिकवा, असं सुचवलं. औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका आईने लगेच मान डोलावली. "स्पर्धा असली की मुलं खातात. आमचा आता न सांगता पालेभाजी मागतो. पडदा हवाच."

ठिणगीची आई उठली. रोज गर्दीला ओरडून आत सरकवणाऱ्या बाईला आवाज चढवायची गरज पडत नाही.

"भिंतीवर सगळ्यांत हिरवं झाड कोणाचं आहे, बघा. माझ्या मुलीचं. ते कसं वाढलं, सांगू? दात ती खरंच घासते, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण बाकीच्या खुणा मी शेवटच्या थांब्यावर गाडी उभी केली की पटापट करून टाकते. पोरीने गाजर खाल्लं की खुर्चीखाली ढकललं, मला तिकडे बसून काय कळणार? भिंतीवर झाड सुकायला नको, एवढंच डोक्यात. आता तुमचं तुम्ही बघा. झाकली मूठ झाकलेलीच ठेवा, मी उघडायला सांगत नाही. पण माझ्या मते या भिंतीवर एकच झाड पूर्ण खरं आहे, आणि ते सुकलेलं आहे."

कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. औषधवाली म्हणाली, "सगळेच तुमच्यासारखे नसतात."

"नसतील. मग त्यांचं चांगलंच आहे."

दाराशी बसलेला रंगारी तोवर खाली मान घालून होता. नखांतला रंग खरवडत होता. आता तो बसल्या बसल्याच म्हणाला, "मलाही खोटी खूण करता आली असती. मनात आलंही होतं. पण तो रोज विचारतो, बाबा, आज मी खाल्लं का? मी खूण केली, तर त्याला काय उत्तर देऊ?"

मोठ्या बाईंनी हातातले कागद सारखे केले. "तुमच्या भावना मी समजू शकते. पण पडदा राहील."

"राहू दे," ठिणगीची आई म्हणाली आणि खिशातून फोन काढला. ॲपच्या आत, नाव बदलायच्या जागेखाली, 'भिंतीवर दाखवा' असं एक बटण होतं. कोणी कधी तिकडे फिरकलंच नव्हतं. तिने ते बंद केलं. पडद्यावरचं सगळ्यांत हिरवं झाड फोटोसकट नाहीसं झालं.

रंगाऱ्याने वर पाहिलं. त्यानेही फोन काढला. काळी काडी गेली.

मग पलीकडच्या खुर्चीतले एक आजोबा फोन हातभर लांब धरून तिच्याकडे वळले. "कुठे दाबायचं, बाळा? मला दाखव जरा. माझ्या नातीचंही काढून टाक. तिच्या झाडाला खतपाणी मीच घालत होतो." या वेळी मात्र सगळे मोकळेपणी हसले. एकेक फोन बाहेर निघाला. सगळ्यांनी काढलं नाही. औषधवालीने तर फोन पर्समध्ये ठेवून चेन लावली. पण भिंतीवर भराभर मोकळ्या जागा पडत गेल्या.

मोठ्या बाई पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या, तरी त्यांना कळत होतं. "पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा आम्हाला विचार करावा लागेल," त्या ठिणगीच्या आईला म्हणाल्या.

"करा. आम्हीही करतो."

बाहेर वाट पाहत उभ्या असलेल्या नवऱ्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

मोजकी झाडं काही दिवस भिंतीवर राहिली. मग त्यांचीही मजा गेली, कारण कोणाच्या पुढे जायचं तेच उरलं नव्हतं. एका सोमवारी पडद्यावर मुलांनी काढलेली चित्रं दिसू लागली. कोणी निर्णय घेतला, हे कोणी सांगितलं नाही. ताईंनी ठिणगीच्या आईकडून तो दात घासायचा आवाज मागून घेतला, आणि आता डबा झाला की सगळा वर्ग नळापाशी रांगेत उभा राहून "कोपऱ्यातल्या आजी" घासू लागला. मोठ्या बाईंनी त्याला नको म्हटलं नाही, छान आहे असंही म्हटलं नाही. ठिणगीचा प्रवेश झाला. मोठ्या बाई मात्र तिच्या आईशी पुन्हा कामापुरतंच बोलल्या, आणि आईनेही त्यांची मनधरणी केली नाही.

रंगाऱ्याने तिच्याकडून आवाज भरायचं शिकून घेतलं होतं. दुपारी कापूस शेजारच्या मावशींकडे जेवायचा, तेव्हा ताटाशी फोन ठेवला जाई आणि बापाचा संथ आवाज येई: "हा बघ वरणाचा पिवळा. आपण त्या मोठ्या घराला दिला होता ना, तसाच. खायचा नाही. नुसतं बोट लावायचं. गार आहे की कोमट, मला रात्री सांग." बरेच दिवस कापूस नुसतं बोट लावत होता आणि रात्री सांगत होता.

मग एका दुपारी ठिणगीच्या आईने बस थांब्यावर घेतली, तर दारात रंगारी उभा. अंगभर पांढरे शिंतोडे, हातात ब्रश तसाच. आत चढेना, बाजूला होईना.

"चाटलं," तो म्हणाला.

"काय चाटलं?"

"नासपती. मावशींचा आत्ता फोन आला होता."

"मग?"

"मग थुंकलं."

"असू दे. मग?"

"मग पुन्हा चाटलं."

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी बस हाताने बडवली. "ओ बाई, गाडी सोडा की! आम्हाला कामं नाहीत का?"

तिने हँडब्रेक ओढला, आसनावरून अर्धी वळली आणि सबंध गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "थांबा सगळे. आधी मला नीट ऐकू दे." आणि रंगाऱ्याकडे वळून म्हणाली, "हं, दादा, पहिल्यापासून सांगा. काप केला होता की किसून दिली होती?"