मधला दोरा

सुई दातांत धरून शमिकाने सानवीच्या नाकाखाली बोट नेलं. बोटाला ऊब लागली. पोर मजेत झोपली होती.

"घेतंय गो, घेतंय श्वास," चिमा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ती सुई काढ आधी तोंडातनं. पोरीचा श्वास बघता बघता गिळशील, मग तुझाच बघायला लागल आम्हाला."

शमिकाने सुई काढून गोधडीत टोचली. सुईच्या नेढ्यात तिने लाल लोकर बांधून ठेवली होती. सुई हरवली तर लगेच दिसावी, रांगणाऱ्या पोरीच्या हाताला लागू नये म्हणून. घरात सुई एकच. दुसरी आणायची सोय तिने ठेवलीच नव्हती.

"झाली आई. पाचपर्यंत नेऊन द्यायचीय."

"बघू."

चिमा हात पुसत आली आणि खाली बसली. पलीकडच्या चिपळूण तालुक्यातल्या अलोऱ्याकडची ही बाई सुनेच्या बाळंतपणासाठी रत्नागिरीत आली, ती राहिलीच. तिचा मुलगा दीपक मुंबईला नोकरीत. महिन्यातून एकदा यायचा आणि दोन दिवस मुलीला उचलून उचलून तिची सवय बिघडवून जायचा. बाकी घरात या तिघीच.

माळनाक्यावरच्या महिला मंडळाने हाताने शिवलेल्या छोट्या गोधडीची स्पर्धा ठेवली होती. डोस द्यायला सानवीला दवाखान्यात नेलं, तेव्हा दाराशी कागद चिकटवलेला शमिकाने पाहिला. डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते ती घरी येईपर्यंत विसरली आणि मग फोन करून परत विचारलं, पण स्पर्धेचा कागद तिला शब्दन्‌शब्द आठवत होता. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष अर्ध्यात सुटलं होतं. तेव्हापासून तिचं सगळं अर्धंच राहायचं. चहा अर्धा प्यायचा, केस अर्धे विंचरायचे, अंघोळीत साबण लावून झाला की बाहेर रडं सुरू व्हायचं. एक तरी गोष्ट आपल्या हातून पुरी होऊन लोकांसमोर जावी, एवढंच तिला हवं होतं. बक्षीसबिक्षीस नंतरचं.

गोधडी मांडीएवढी होती. दीपकचा निळा शर्ट, चिमाचं विटकं लुगडं, शमिकाची कॉलेजातली ओढणी, आणि मधोमध तिच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाचा चौकोन. त्यावर कुठल्याशा रसायनाचा तपकिरी डाग होता. तो कधीच गेला नाही, म्हणून तिने मुद्दाम तोच तुकडा घेतला. धावदोरा चिमाने शिकवला होता. कडेकडेने सुरुवात करायची, कोपरा आला की वळायचं, आणि आत आत येत शेवटी मध्यावर पोचायचं. बाहेरच्या रांगा झोकांड्या खात गेल्या होत्या. आतल्या सरळ होत्या. शमिका शिकत गेली, ते टाक्यांवरून दिसत होतं.

आणि बरोबर मध्यावर, त्या डागाशेजारी, वीतभर दोरा लोंबत होता. त्याला गाठ नव्हती.

"पोराच्या गोधडीला मधली गाठ मारायची नाय," चिमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पोर आपल्या पायानं उंबरा ओलांडल, त्या दिवशी मारायची. तवर दोरा सोडून ठेवायचा. त्याला वाढायला जागा लागते."

"आई, दोऱ्याचा आणि वाढीचा काय संबंध?"

"मला काय ठाव? तू शिकलेली. तू सांग."

शमिका हसली होती. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी ती, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण शेवटचा टाका घातल्यावर तिने गाठ मारली नाही. सानवी अजून भिंत धरून उभी राहत होती, एवढंच.

*

मंडळाच्या हॉलमध्ये टेबलामागे महरीन नावाची चुणचुणीत मुलगी गोधड्या घेत होती. तिने शमिकाची गोधडी उलटून पालटून पाहिली.

"किती गोड! हा डाग ओरिजिनल आहे?"

"एकदम."

"ताई, पण इथे दोरा राहिलाय बघा." महरीनने बोटाने तो उचलला. "परीक्षक बाई लोंबता दोरा दिसला की अपूर्ण म्हणून बाजूला काढतात. कालपासून दोन काढल्या. एक गाठ मारा आणि कापा, बस. सुई देऊ?"

"आहे माझ्याकडे," शमिका म्हणाली आणि गोधडी घेऊन बाहेर आली.

बाहेर पायरीवर चिमा सानवीला मांडीवर घेऊन बसली होती. कंपाउंडातल्या आंब्याला मोहोर आला होता आणि सानवी तोंड वासून वर बघत होती. शमिका शेजारी टेकली. सुईतली लोकर सोडून तो लोंबता दोरा ओवला. सुई कापडात घातली. आणि हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही."

तिने सुई बाहेर काढली. पुन्हा घातली. गेल्या महिन्यातला सानवीचा ताप आठवला. थर्मामीटर इतक्या वेळा लावला होता, की शेवटी पोर तो बघूनच काख उघडायला लागली. ताप साधा होता. डॉक्टर हसले होते. पण समजा आज गाठ मारली आणि उद्या...

"आई, जाऊ दे. नको देऊया."

"का?"

"दोरा आहे ना. त्यांना चालत नाही."

"मग मार गाठ."

शमिकाने वळून पाहिलं. "तुम्हीच तर म्हणालात."

"म्हणाले तर म्हणाले. माझी सासू म्हणायची, म्हणून मी म्हणाले." चिमाने सानवीचं टोपडं सारखं केलं. मोहोरातला एक कण सानवीच्या गालावर पडला होता, तो तिने फुंकरीने उडवला. "दीपकच्या आधीची एक होती मला. सुगंधा."

शमिकाला हे माहीत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

"तिची अशीच शिवली होती. तेवढीच. मधला दोरा सोडला होता, हातभर सोडला होता मी, वीतभर नाय. म्हटलं पोरगी उंच होऊ दे." चिमा हसली. "पावसात ताप आला. पऱ्याला पूर, वरचा लाकडी साकव वाहून गेलेला, पलीकडं डॉक्टरकडं जाता येईना. उंबऱ्यापतुर आली होती गो ती रांगत. हात टेकायची उंबऱ्यावर आणि मागं बघून हसायची."

"आई..."

"दोरा उघडाच होता. तरी गेली ना? दोऱ्यानं धरून ठेवता आलं असतं, तर अख्खं रीळ सोडलं असतं मी." तिने सानवीला उभं धरलं. "तू मार गाठ. हिला काय होत नाय. आणि व्हायचंच असलं, तर तुझ्या गाठीला विचारून व्हायचं नाय. एवढ्या दिवसांची मेहनत, अशी परत घेऊन जाणार? त्या पोरीला सांगणार काय, सासू येडी हाय म्हणून?"

"तसंच सांगणार होते."

"सांग मेल्ये, सांग."

शमिकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती, त्यामुळे सुई नीट दिसेना. तिने पदराने डोळे पुसले. दोऱ्याचा फास केला, सुई त्यातून काढली, ओढली. दोरा दातांनी तोडला. गाठ त्या डागावरच बसली.

मग तिने सानवीच्या नाकाखाली बोट नेलं. पोर जागी होती, टक्क बघत होती, तरी नेलं. चिमाने या खेपेला तिला चिडवलं नाही.

*

निकाल रविवारी लागला. नंबर आला नाही. महरीनने गोधडी परत देताना सांगितलं, की मधला भाग परीक्षकांना फार आवडला, कडांनी घात केला. सोबत नाव छापलेलं प्रमाणपत्र होतं.

"कडांनी?" घरी चिमा फणकारली. "म्हणजे शिकायच्या आधी शिकून यायचं काय? डोळे फुटले त्यांचे."

"राहू दे हो. पुरी झाली, तेच खूप." शमिकाने प्रमाणपत्र फ्रीजवर चुंबकाने लावलं, आणि मागे सरून एकदा पाहिलं. वाकडं लागलं होतं. तिने तसंच ठेवलं.

मागे वळली तेव्हा चिमा आपली उशी पुढ्यात घेऊन बसली होती. आल्या दिवसापासून चिमाने फोमची उशी नाकारली होती. पंच्यात गुंडाळलेलं एक मऊ बोचकं ती डोक्याखाली घ्यायची. ते एकदा गरम पाण्यातून काढावं म्हणून शमिकाने कितीदा मागितलं होतं, बाळाच्या घरात जंतू नकोत म्हणून. चिमा द्यायची नाही. आता तिने स्वतःच पंच्याची गाठ सोडली.

आत छोटी गोधडी होती. रंग ओळखू येत नव्हते. मधोमध पिवळा पडलेला हातभर दोरा घडीत चेपून बसला होता.

"माझ्या डोळ्यांना टाका दिसत नाय आता," चिमा म्हणाली. "तू मार."

"असू दे ना आई. एवढी वर्षं होताच ना तो."

"आता किती वाढायची ती?"

शमिका खाली बसली. लाल लोकरीची सुई घेतली. दोरा इतका जुना झाला होता, की ओढला तर तुटला असता. तिने श्वास रोखून हळूहळू फास केला आणि बोटाच्या टोकाने गाठ कापडापर्यंत सरकवली. उरलेला दोरा कापायला हात गेला, पण तिने चिमाकडे पाहिलं आणि कापला नाही.

चिमाने गाठीवरून अंगठा फिरवला. मग गोधडीची घडी न घालता ती मांडीवर पसरली आणि तळव्याने हलकेच थोपटू लागली.

कोपऱ्यातून सानवी रांगत आली. वाटेत थांबली, मागे बघून हसली, आणि येऊन त्या गोधडीवर गाल टेकून पडली. तिला उचलायला शमिकाचा हात झटकन पुढे झाला. मग थांबला.

चिमाचा तळवा आता दोघींना थोपटत होता.