नेव्हिलच्या वाट्याची समानता

माझा थोरला भाऊ नेव्हिल, त्याला एक वाईट खोड आहे. विनोद करतो, आधी स्वतःच हसतो आणि समोरचा हसेपर्यंत टेबलावर थापा मारत बसतो. या एप्रिलात त्याची पासष्टी भरली, बस चालवणं थांबलं, पेन्शन सुरू झाली. त्यानिमित्त आमच्या कामगार क्लबात खाणंपिणं होतं. डुकराचं मांस भरलेल्या मैद्याच्या पाई मी भाजल्या, कांद्याचं लोणचं माझ्या घरचं, काळे वाटाणे मी शिजवले. आणि हा भाषणाला उभा राहून म्हणतो कसा, "आमची नोरीन आज रुसलीय हां! साठीला पेन्शन मिळाली नाही म्हणून. अगं, तुम्हा बायकांनाच समानता हवी होती ना? घ्या आता!"

आणि टेबलावर थाप.

सगळे बाप्ये खदाखदा हसले. माझ्या हातात सुरी होती. ती मी समोरच्या पाईमध्ये मुठीपर्यंत खुपसली आणि तशीच ठेवून घरी आले.

समानता म्हणे! पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी सूतगिरणीत लागले. शेजारच्या यंत्रावरचं पोरगं माझ्याइतकंच सूत काढायचं आणि जास्त पगार घरी न्यायचं. त्याचा पुरुषांचा दर, माझा बायकांचा. तेव्हा कुठल्या मंत्र्याला समानता आठवली नाही. गिरणी बंद पडली तशी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले, ती अजून तिथंच आहे. बटाट्यांची पातेली उचलून उचलून मनगटं गेलीत. नवरा कधीच वारला, घरभाडं मला एकटीलाच भरायचंय. बाप्यांना सरकारी पेन्शन पासष्टीला आणि बायकांची साठीला सुटका, हे सगळ्या बायांना पाठ होतं. माझी साठी भरायला आली तेव्हा बसथांब्यावर एका बाईकडून कळलं, की आता पुरुषांइतकंच थांबायचं. आधी पासष्ट केलं होतं, मग माझ्या वयाच्या सगळ्यांना, बाप्यांनाही, सरकवून सहासष्ट; नेव्हिल थोरला, म्हणून पासष्टीत सुटला. सरकार म्हणतं, आम्ही कळवलं होतं. कोणाला कळवलं? माझ्या दाराला तर पत्रं टाकायची फट आहे चांगली, त्यातून वीजबिल बरोबर येतं.

पण हे दुखणं माझ्या एकटीचं असतं तर मी दात ओठ खाऊन गिळलं असतं. आईचं काय?

आमची आई, हिल्डा, नव्वदीला टेकलीय. तिला पहिली चक्कर आली तेव्हाच मी तिला शब्द दिला होता, साठी झाली की काम सोडते आणि दिवसभर तुझ्यापाशी राहते. तोपर्यंत शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर तिच्या घरी माझी फेरी. गेल्या हिवाळ्यात ती जिन्यावरून पडली आणि चाकाच्या खुर्चीला खिळली. डॉक्टरीणबाई म्हणाली, दिवसा कोणीतरी हवंच, नाहीतर वृद्धाश्रम. आई वृद्धाश्रमाला मरणापेक्षा जास्त भिते. तिची बहीण एडा तिथं गेली होती. "भिंतीला लावून बसवतात गं," आई म्हणते, "बंद पडलेल्या मागांसारखं."

तर परवाच्या रविवारची गोष्ट. आईला घेऊन मी क्लबात गेले. नेव्हिलची बायको ग्लेनिसही होती, दुकानात गल्ल्यावर बसते ती. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच पेन्शनविना लटकलेली. आमच्या क्लबात बायकांना आता पुरुषांसारखं सभासदाचं कार्ड मिळतं, कागदावर. पण बारच्या पलीकडची डॉमिनो खेळायची खोली अजून बाप्यांचीच. तिथं बाई जाते ती फरशी पुसायला. मधल्या खिडकीतून त्यांची डोकी दिसतात, तेवढंच.

नेव्हिल तिथं आपल्या दोस्ताशी, सिरिलशी बोलत होता. आई खिडकीकडे टक लावून बसलेली. आई ठार बहिरी आहे. चाळीस वर्षं बर्नलीच्या कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात काढल्यावर कान कुठले राहतात? पण तिथल्या बायका आवाजाविना बोलायच्या, नुसत्या ओठांनी, या टोकाहून त्या टोकाला. कोणाचं कोणाशी जुळलं ते मुकादमाच्या नाकासमोर सांगायच्या. आई अजून खोलीभर अंतरावरून ओठ वाचते. नेव्हिलला हे लहानपणापासून ठाऊक आहे. पण म्हातारं झालं की माणूस आंधळंही होतं, असं त्याला वाटत असावं.

आईने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं आणि ओठ हलवले. आवाज नाही.

"सोमवारी."

"काय सोमवारी?" मीही ओठांनीच विचारलं.

"वृद्धाश्रमात माझी खाट ठरवलीय त्याने. उद्या फोन करून पक्की करणार. नोरीनला नंतर सांगू म्हणतोय. दोन दिवस रडेल आणि गप्प होईल म्हणतोय." जरा थांबून ती पुन्हा वाचायला लागली. "म्हणतोय, आयुष्यभर राबलो, आता आराम माझ्या हक्काचा. आईचे कपडे धुणं बाप्याचं काम नाही."

'कपडे' हा माझा शब्द. आई बोलली ते इथं लिहिण्याजोगं नाही.

तिचे हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसले. ते पाहून माझ्या टाळक्यात आग गेली.

"ग्लेनिस, तुला माहीत होतं?"

"देवाशपथ नाही, नोरीन." तिचा चेहरा पांढराफटक. "मला म्हणाला, नोरीन बघतेय काहीतरी."

"आई," मी ओठ हलवले, "नेव्हिलकडे राहशील?"

आईने विचार केला. "टीव्ही मोठा आहे का त्याचा?"

"भिंतभर आहे."

"मग चल."

मी खुर्ची वळवली आणि सरळ बाप्यांच्या खोलीत घातली. सोंगट्या थांबल्या. सिरिल अर्धवट उठला. "नोरीन, अगं, इथं बायकांना..."

"बस खाली, सिरिल. तू गेल्या नाताळात इथंच ओकला होतास, ते पुसायला बाई चालली तुम्हाला."

आईची खुर्ची मी नेव्हिलच्या गुडघ्याला टेकवली. त्याचा रंग उडाला. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि त्याला सगळं कळलं.

"हे बघ, नोरीन, भावनेच्या भरात नको," तो कुजबुजला. "चांगली जागा आहे ती. बाग आहे."

"भिंती पण असतील," आई मोठ्याने म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, अख्ख्या क्लबाने ऐकला.

"अगं, पण मी पुरुष आहे! मी तिला अंघोळ कशी घालू?"

"डोळे मिटून घाल," आई म्हणाली. "मी रात्रपाळी करून आले की तुला तशीच घालायची."

सिरिलला हसू फुटलं. नेव्हिलने त्याच्याकडे पाहिलं तसं त्याने ग्लासात तोंड घातलं.

"ग्लेनिस, तू तरी सांग हिला! छोट्या खोलीत जागा कुठंय?"

दारात उभी ग्लेनिस म्हणाली, "तुझे मासे धरायचे गळ आणि बूट आहेत तिथं. संध्याकाळपर्यंत गॅरेजमध्ये जातील. मी सकाळी सातला गल्ल्यावर असते, नेव्हिल. तू असतोस घरी."

त्याने शेवटी माझ्याकडे पाहिलं, लहानपणी बरणी फोडल्यावर पाहायचा तसं. "नोरीन, हे काम तू करणार होतीस ना? तू शब्द दिला होतास आईला."

तिथं माझा तोल गेला नाही. उलट जागेवर आला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"दिला होता, नेव्हिल. साठीच्या भरवशावर दिला होता. ती साठी माझ्याकडून काढून घेतली, आणि तू टेबलावर थापा मारल्यास. मी सरकारशी भांडणार आहे, लंडनला जाऊन रस्त्यावर उभी राहणार आहे, ते माझं मी बघते. पण आज पेन्शन तुझ्याकडे आहे, दिवस तुझे मोकळे आहेत, आणि आई आपल्या दोघांची आहे. रविवार माझे, संध्याकाळी मी येईन. बाकी दिवस तुझे. समानता घ्या म्हणालास ना भरल्या क्लबात? ही घे. सकाळी तिला लापशी लागते, साखर नाही, मीठ. आणि त्या वृद्धाश्रमाला आत्ता, माझ्यासमोर फोन कर, खाट नको म्हणून सांग."