'कुठे'चा मोकळा रकाना

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. दिवेआगरच्या उत्तरेला, एका कोळीवाड्याच्या शाळेत माझा जन्म गेला. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी गावच्या सुताराने आंब्याच्या फळ्या जोडून मला केले. दर दिवाळीत मुले बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला फासत. तेव्हा मी असा चकाकत असे की माझा मलाच हेवा वाटे.

दिनानाथ मास्तर माणूस भला, पण धड्याच्या मागे लागला की जेवण विसरणारा. सत्तावन्न साली, कार्तिकात, त्यांनी माझ्यावर तीन रकाने आखले: केव्हा, कुठे, कसे. नुसते 'गेला' म्हटले तर काय कळणार, असे ते म्हणाले. 'पहाटे गेला, खाडीपलीकडे गेला, घाईघाईने गेला' म्हटले की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. घरच्यांना विचारून अशी वाक्ये आणा, असे त्यांनी मुलांना सांगितले.

वर्गातल्या बायजाने ते मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा बाप गुणाजी होडी लोटत होता, तेव्हा तिने विचारले, "बा, कुठं चाललास?" आजीने, गोदूबाईने, झटकन तिचे तोंड दाबले. दर्यावर निघालेल्याला 'कुठे' विचारणे आमच्याकडे अपशकुन. गुणाजी काही न बोलता गेला. हे मला नंतर साऱ्या गावाच्या तोंडून कळले.

संध्याकाळी वादळ उठले. बाकीच्या होड्या परतल्या, गुणाजीची आली नाही. सकाळी शोधायला निघालेली माणसे शाळेत जमली. मास्तरांनी माझ्यावर लिहिले. केव्हा: काल पहाटे. कसे: एकटाच, शिडाने. 'कुठे'चा रकाना मोकळाच राहिला. गुणाजीची मासळीची जागा त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. माझा जीव तिळतिळ तुटत होता, पण कुणी लिहिल्याशिवाय फळा काय सांगणार? होड्या अंदाजाने उत्तरेला गेल्या.

पाचव्या दिवशी दक्षिणेच्या एका खडकावर गुणाजीचा सदरा सापडला, वल्ह्याला बांधून उभा केलेला. त्याने वाट पाहिली होती. तो मात्र नव्हता.

गावाने सारा दोष बायजावर टाकला. पोर बोलेनाशी झाली. मास्तर माझ्याकडे तोंड करून डोळे पुसत. मला फोडून चुलीत घाला, असे मला रोज वाटे.

एके दिवशी बायजाची आई, सोनूबाई, तिला हाताला धरून शाळेत घेऊन आली. दारात जमलेल्यांच्या देखत ती म्हणाली, "मास्तर, माझ्या पोरीनं इचारलं म्हनून तो गेला न्हाय. आमी कोनी इचारलं न्हाय, म्हनून तो गावला न्हाय."



आता मी पडवीत पडून आहे. मला वाळवी लागली आहे. मला रंग नाही दिलात तरी चालेल, मित्रांनो. पण घरातून निघताना कुठे चाललात ते सांगून जा. कुणी न सांगता निघाला, तर त्याला थांबवून विचारा. अपशकुनाचे पाप हवे तर माझ्या माथी मारा.