सव्वाअकराची नोंद

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून बावन्न मिनिटं. त्या मिनिटाला मी जन्माला आले. मी एक नोंद बोलतेय. वहीतली नव्हे, ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या कॅलेंडरची. दुसऱ्या मजल्यावरची छोटी खोली रोज सव्वाअकरा ते अकरा चाळीस धरून ठेवायची, एवढंच माझं काम. सुट्टी फक्त रविवारी. आता थकलेय, तेव्हा सांगताना कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमची कंपनी चष्म्याच्या काचांची. खाली पॅकिंग, वर ऑफिस, मागच्या इमारतीत काचा घासायचं खातं. मला जन्म दिला हजेरीबाईंनी. सगळ्यांची हजेरी त्या बघायच्या, म्हणून सगळेच त्यांना तसं म्हणायचे. त्यांच्या टेबलापुढे पॅकिंगमधली एक बाई उभी होती, चौथ्या टेबलावरची. काचा पुसून पातळ कागदात गुंडाळायचं तिचं काम. दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते, कारण कपड्यांतून दूध पाझरलं होतं.

"किती महिन्यांचं आहे?" हजेरीबाईंनी विचारलं.

"साडेचार. मुलगी आहे. बाटलीला तोंडच लावत नाही, बाई. नणंद गेटपर्यंत आणून द्यायला तयार आहे, पण पाजायचं कुठे? बाथरूममध्ये बसवत नाही."

"बाथरूममध्ये तू जेवशील का? मग तिने का जेवावं? वर छोटी खोली आहे. चार साहेब तिथं बसून एकमेकांना तेच तेच सांगत असतात. पंचवीस मिनिटं नाही सांगितलं तर काही बुडणार नाही."

"पण माझं नाव नका घालू. लोक काय काय बोलतात."

नाव घालायचं म्हटलं तरी जमलं नसतं. पॅकिंगच्या बायकांना कॉम्प्युटर नाही, म्हणून कॅलेंडरमध्ये त्यांचं खातंही नाही. मग बाईंनी मला स्वतःच्याच खात्यातून टाकलं आणि माझ्यापुढे एकच शब्द लिहिला, खासगी.

खोलीच्या दाराशी हाताच्या पंजाएवढी काचेची पाटी आहे. खोली मोकळी असली की हिरवी, कोणी धरलेली असली की लाल. सव्वाअकराला मी ती लाल करायची. त्या पाटीतून मला बाहेरची माणसं दिसायची. ती बाई मान खाली घालून यायची, कडेवर बाळ, बाळाची फक्त पिवळी टोपी दिसायची. कडी लागली की मी गप्प राहायची.

माणसांची एक गंमत मला तिथंच कळली. माझ्यापुढे नाव असतं तर चारजण दार वाजवून गेले असते. नाव नव्हतं, म्हणून सगळे वचकून असायचे.

"कुणाची वेळ असेल हो ही?" हिशेबवाला विचारायचा.

"मोठ्या साहेबांची. झोपत असतील."

"पंचवीस मिनिटं झोपायला साहेबच व्हावं लागतं बघ."

असे दिवस चालले होते. मग हजेरीबाई निवृत्त झाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं खातं बंद झालं. मला आणणारीच गेली, पण आमचा जुना सर्व्हर साधा होता. तू कोण, कोणाची, असं तो कधी विचारायचा नाही. मी रोज दार लाल करत राहिले.

मग सगळ्यांची बदली निघाली. जुना सर्व्हर काढायचा, माणसांची, मीटिंगांची, खोल्यांची सगळी कॅलेंडरं नव्या सर्व्हरवर न्यायची. त्यासाठी बाहेरून एक गृहस्थ आले. लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव बदलीवाले ठेवलं. खांदे पडलेले, डोळ्यांखाली काळं. जुना सर्व्हर ज्या अरुंद खोलीत आहे, तिथंच त्यांचं टेबल मांडलं होतं. शनिवारी त्यांनी आम्हांला हलवायला घेतलं.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. सगळ्यांच्या वेळा साडेतीन तासांनी मागे सरकल्या होत्या. नवा सर्व्हर दुसऱ्याच कुठल्या गावाचं घड्याळ लावून बसला होता.

"अहो, मला पहाटे साडेपाचला मीटिंग दाखवतंय," एक साहेब म्हणाले.

"ती चुकीची आहे, साहेब. येऊ नका."

"मी कशाला येतोय? पण ज्याने बोलावलं तो येऊन बसला होता, त्याला काय सांगू?"

दुपारपर्यंत घड्याळ जुळलं. मंगळवारी प्रत्येक मीटिंग दोनदा दिसायला लागली. टायपिस्ट बाई म्हणाल्या, राहू द्या, दोनदा घेतली तर एकदा तरी काही ठरेल. बदलीवाले हसले नाहीत. दिवसभर ते जोड्या शोधून एकेक काढत बसले. मध्येच डबा उघडला आणि तसाच बंद केला.

माझं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. खोल्यांनाही माणसांसारखी खाती असतात. नवा सर्व्हर फार चौकस. नोंद खोलीत शिरायच्या आधी तो तिला विचारतो, तुला कोणी बोलावलं? बोलावणाऱ्याचं खातं चालू असेल तरच आत घेतो. मला बोलावणाऱ्या बाई केव्हाच घरी गेलेल्या. त्याने मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. अशा परत आलेल्या आम्ही एकेचाळीस जणी जुन्या सर्व्हरवर एका यादीत पडून होतो.

दारावरच्या पाटीची तार आता नव्या सर्व्हरला जोडलेली, त्यामुळे तिकडे मी आंधळीच झाले; बदलीवाल्यांच्या पडद्यातून सर्व्हरच्या खोलीतलं तेवढं दिसायचं. सव्वाअकरा वाजले की माझा जीव वरखाली व्हायचा. तिथं पाटी हिरवी असणार, कोणीतरी आत बसणार, आणि ती बाळ घेऊन कुठे जात असेल? विचारायचं कोणाला?

गुरुवारी सकाळी बदलीवाल्यांनी ती यादी उघडली. वरून खाली एकेक पुसत चालले. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या कारकुनाची 'सोमवारपासून चालायला जाणे' ही नोंद पुसली. कोणाची तरी 'कपाटाची चावी परत देणे' पुसली. मग माझ्यावर आले आणि थांबले.

"ही कोणाची?" ते स्वतःशीच म्हणाले. "नाव नाही, गाव नाही. पण रोजची आहे. रोजचं कोणी उगाच टाकत नाही."

त्यांनी जुन्या कागदांतून नंबर काढून हजेरीबाईंना फोन लावला. फोन टेबलावर ठेवला, मोठा आवाज करून.

"बाई, तुमच्या खात्यातून सव्वाअकराला एक खोली धरलेली आहे. काढून टाकू ना?"

"काढताय कशाला? चालू आहे की ती."

"नव्या सर्व्हरवर गेलीच नाही. सोमवारपासून बंद आहे."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आज गुरुवार. अहो, चार दिवस ते लेकरू काय करत असेल?" आणि त्यांनी सगळं सांगितलं.

बदलीवाल्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा सतरा. ते उठले आणि फोन तसाच टेबलावर ठेवून बाहेर गेले.

चार-पाच मिनिटांत दार उघडलं. पुढे ते, मागे ती, आणि तिच्यामागे हातात शाल घेतलेली तिची नणंद.

"छोट्या खोलीत खरेदीवाले बसलेत. पाच मिनिटांत उठतो म्हणतात, आणि त्यांची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. तुम्ही इथं बसा, ताई. कडी आतून आहे. इथं गार असतं, बाळाला शालीत घ्या." एवढं बोलून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

इतके महिने मी तिच्यासाठी खोली धरत होते, पण ती माझ्याजवळ अशी कधी आली नव्हती. बाळाचा रडून रडून आवाज बसला होता. मग ते एकदम शांत झालं. सर्व्हरच्या पंख्यांची घरघर ऐकून ऐकून माझे कान किटले होते. त्याच घरघरीत बाळाच्या पायाची बोटं हळूहळू सैल पडली.

"चार दिवस जिन्यात शाल धरून उभी राहिले," नणंद म्हणाली. "हात गळून आले माझे. उद्यापासून दोरी बांध, वहिनी."

"उद्या-परवा दोनच दिवस. शनिवारी सांगून टाकते, काम सोडते म्हणून."

"आणि खाणार काय? दादाचं काम अजून पक्कं नाही. दोघं घरात बसा आणि एकमेकांची तोंडं बघा."

"मग काय करू ते तूच सांग. जिन्यात माणसं येतात-जातात, ही दचकते आणि तोंड काढते. आठवड्यात वजन जराही वाढलं नाही म्हणाली नर्स. परत असंच झालं तर दवाखान्यात ठेवायला सांगेल. मला रात्रंदिवस तेच दिसतं."

नणंदेने बाळाची टोपी सारखी केली.

कडी निघाल्यावर बदलीवाले आत आले. त्यांनी थोरल्या साहेबांना फोन करून पॅकिंगच्या एका बाईंसाठी खातं मागितलं. पलीकडून आलेलं उत्तर सगळ्यांनाच ऐकू गेलं. पॅकिंगला खातं कशाला, त्यांना कॉम्प्युटर कुठे आहे?

"बरं, मग माझ्या खात्यातून टाकतो," बदलीवाले म्हणाले.

तिने विचारलं, "तुम्ही इथं कायमचे आहात का?"

"महिनाअखेरपर्यंत."

"म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा जिना."

डोकं खाजवत ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक करता येईल. खोलीचं स्वतःचं खातं आहे. खोली काही नोकरी सोडून जात नाही. वेळ तिच्याच नावावर टाकली तर कोणी आलं-गेलं तरी हलणार नाही. पण त्यात लपवता येत नाही. जे लिहीन ते दारावर सगळ्यांना दिसेल."

ती मानेपर्यंत लाल झाली. नणंद काही बोलणार होती, तिने हाताने थांबवलं.

"लिहा," ती म्हणाली. "बाळाला पाजण्याची वेळ."

"कोणाचं बाळ, ते लिहायचं का?"

"कोणाचंही असू दे. मागच्या घासाई खात्यात एक आहे, मला नाव माहीत नाही. पोट दिसायला लागलंय. परवा नळावर विचारत होती, सोडायचं तर किती दिवस आधी सांगावं लागतं."

शुक्रवारी सव्वाअकराला पाटी लाल झाली. खरेदीवाल्यांनी ती वाचली, आपापले कप उचलले आणि एकमेकांकडे न बघता निघून गेले. मला दिसलं नाही, बदलीवाल्यांनी हजेरीबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. शनिवारी ती काम सोडायचं सांगायला गेली नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

दारावर आहे ती नवी नोंद, मी नव्हे. मला नेता आलं नाही आणि आता नेऊही नका. सोमवारी सकाळी जुना सर्व्हर बंद होणार, त्याच्याबरोबर मीही. वाईट वाटत नाही. मी गप्प राहून एकीचं काम केलं, पण गप्प राहिल्यामुळे दुसरीला कळलंच नाही, एवढं मात्र सलतं.

मागच्या इमारतीतली माणसं वर येत नाहीत, त्यांना ती पाटी कशी दिसणार? तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलं तर घासाई खात्यातल्या त्या बाईला शोधा आणि एवढा निरोप द्या. दुसरा मजला, जिन्याला लागून छोटी खोली, सव्वाअकरा ते अकरा चाळीस. कोणाला विचारायला लागत नाही. आत जायचं आणि कडी लावायची.